चाळिसावा माणूस

खुर्ची उचलली की मूसाबे डोळे मिटून घ्यायचे. चार जण चार बाजूंनी धरायचे आणि गल्लीतल्या पांढऱ्या वाळूतून पाय ओढत निघायचे. मागून त्यांच्या चपला घेऊन मी. त्या चपलांचा तसा काही उपयोग नव्हता. पाय सुजून भोपळ्यासारखे झालेले, चप्पल शिरणार कुठून? पण मशिदीच्या दाराशी आपल्या चपला नाहीत म्हणजे आपण उघडेवाघडे आलो, असं त्यांना वाटायचं. म्हणून मी त्या न्यायचो, पायरीशी नीट जोडीनं मांडायचो आणि समोरच्या नीरफणसाखाली बसून राहायचो.

"हळू रे," ते मिटल्या डोळ्यांनीच म्हणायचे, "मी काय डिझेलचं पिंप आहे?"

"पिंप परवडलं, बाबा. ते बोलत तरी नाही," खुर्ची धरणाऱ्यांपैकी एखादा म्हणायचा, आणि सगळे हसायचे. मूसाबेही हसायचे, मग त्यांना धाप लागायची, मग खुर्ची खाली ठेवून सगळे थांबायचे. घरापासून मशीद म्हणजे आपल्याकडची एक आळी. तेवढ्यात दोनदा थांबावं लागे. दर शुक्रवारी ही वरात.

हे मालदीवमधलं. मी तिथं मास्तर होतो. बी.एड. होऊन घरी बसलो होतो, वडिलांचं तोंड चुकवत होतो, तेवढ्यात पेपरात जाहिरात आली आणि मी मालवणजवळच्या आमच्या खेड्यातून उठून थेट हिंदी महासागराच्या मधोमध जाऊन पडलो. भूगोल आणि इंग्रजी. भूगोल शिकवायला त्याहून अवघड जागा जगात नसेल. पोरांनी डोंगर पाहिलेला नाही, नदी पाहिलेली नाही, चढ म्हणजे काय ते ठाऊक नाही. बेटावरची सगळ्यात उंच जागा म्हणजे शाळेची पायरी. मी वाळूचा ढीग करून त्यावर बादलीनं पाणी ओतायचो आणि सांगायचो, ही नदी. पोरं वाकून बघायची आणि विचारायची, सर, पाणी कुठं गेलं? पाणी वाळूत जिरलेलं असायचं. मीही मग म्हणायचो, जाऊ दे, पुढचा धडा घ्या.

मूसाबेंच्या घरातली समुद्राकडची खोली मला भाड्यानं मिळाली होती. 'बे' म्हणजे तिकडं दादा. थोरल्या बहिणीला 'दत्ता' म्हणतात. आमच्या घराण्यात दत्ता म्हणजे मिशाळ काका, त्यामुळं शेजारच्या बायकांना तशी हाक मारायला माझी जीभ बरेच दिवस वळेना. मूसाबे एकेकाळचे मोठे तांडेल. कुप्याची, म्हणजे टूना माशाची, होडी त्यांनी तीसेक वर्षं चालवली. पहाटे खडकाजवळ आमिषाचे बारीक जिवंत मासे पकडायचे, ते होडीच्या पोटात पाण्यात खेळते ठेवायचे, मग खोल समुद्रात कुप्यांचा थवा गाठून ते मासे भिरकावायचे आणि एकेक कुपा गरीवर ओढायचा. त्या बेटाची सगळी मिळकत ती. बायका तो कुपा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा टणक वाळवायच्या, आणि आठवड्याला एक मालाची बोट यायची ती तो घेऊन जायची आणि तांदूळ, पीठ, साखर टाकून जायची. कोथिंबिरीची काडी मी तिथं कधी पाहिली नाही.

आता चाळिसाचं सांगतो, म्हणजे खुर्चीचा उलगडा होईल. त्यांच्यात जुना रिवाज असा, की शुक्रवारच्या दुपारच्या नमाजाला त्या बेटावर कायम राहणारे चाळीस पुरुष बसले पाहिजेत. तेवढे नसले तर शुक्रवारचा नमाज होत नाही, नेहमीचा दुपारचा होतो. आणि मी होतो त्या काळात, त्या भागात, ज्या बेटावर शुक्रवार होत नाही ते बेट कचेरीत गाव म्हणून धरत नसत. गाव नाही म्हटल्यावर शाळा नाही, दवाखाना नाही, बोट थांबायचं कारण नाही. लोकांना सांगायचे, चला बाबांनो, मोठ्या बेटावर जागा देतो, सामान बांधा.

आमच्या बेटावरची तरणी पोरं हॉटेलांच्या बेटांवर गेली होती, गोऱ्यांच्या खोल्या झाडायला नि चहा न्यायला. काही मालवाहू जहाजांवर गेली. गेलेला माणूस पैसे पाठवायचा, ट्रान्झिस्टर पाठवायचा, स्वतः यायचा नाही. आमच्या गावाला हे मी नवीन सांगायला नको. आमच्याकडेही शिमग्यात देवाची पालखी उचलायला खांदे मिळेनासे झाले, तेव्हा गावकऱ्यांनी मुंबईला निरोप धाडायला सुरुवात केली होती. इथं मुंबई नव्हती, मोजणी होती. बेटावर बरोबर चाळीस पुरुष उरले होते आणि त्यांतले एक मूसाबे. बेटाच्या प्रमुखाचा, म्हणजे खतीबाचा, पुतण्या अजून वयात यायचा होता, त्याला काही महिने बाकी होते. तो बसायला लागला असता तर मूसाबे सुटले असते. बायका मोजणीत नव्हत्या. मी तर परका, आणि हिंदू.

सुटायचं कशाला, तर त्यांना लेकीकडे जायचं होतं. सकीना मालेला होती, राजधानीत. नवरा तिथं बंदरावर कामाला. बायको मेल्यावर मूसाबेंनी ही एकच पोर वाढवली, स्वतः तिची वेणी घालायचे म्हणे, आणि सगळं बेट त्यावरून त्यांना चिडवायचं. ती लिहायची नाही. टेप करून पाठवायची. त्या काळी कॅसेटी चालायच्या, आणि बेटावरचे जे दोन टेपरेकॉर्डर होते त्यांतला एक माझा. बोट आली की मूसाबे मला हाक मारायचे, "सर, अरे इकडे ये तू." सर आणि तू, दोन्ही एका दमात.

मी कॅसेट लावायचो. आधी बरीच खरखर, कुणाचं तरी मूल रडतंय, भांडी वाजताहेत, आणि मग तिचा आवाज: "बाप्पा." बापाला तिथं बाप्पा म्हणतात. मला दर वेळी त्या शब्दापाशी काहीतरी व्हायचं, घरच्यासारखं. ती सांगायची, बाप्पा, डॉक्टरांना विचारलंय, ते म्हणतात हृदयाचं आहे, पाणी साचतंय, गोळ्यांनी उतरतं, पण माणूस इथं आणा. बाप्पा, खिडकीजवळ खाट टाकलीय. बाप्पा, या बोटीनं या. मग तिचा आवाज जड व्हायचा आणि पलीकडून कुणीतरी टेप बंद करायचं. मूसाबे म्हणायचे, पुन्हा लाव. मी पुन्हा लावायचो.

आता गंमत बघा, की त्यांना कुणी जाऊ नका म्हटलं नव्हतं. तसं म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. बोटीचा दिवस जवळ आला की घरात माणसं यायला लागायची. कुणी नारळाच्या दुधातली खीर आणायचं, कुणी कुप्याचं घट्ट आटवलेलं कालवण. पाय चेपायला दोघं बसायचे. समुद्राची गोष्ट निघायची, या आठवड्यात लाटा जरा जास्तच आहेत नाही. पुतण्याच्या मिशीची गोष्ट निघायची, आता आलीच म्हणे. मग कुणीतरी मांडीवर हात ठेवून म्हणायचं, मूसाबे, पुढच्या बोटीला आम्ही स्वतः नेऊन बसवतो तुम्हाला. आणि मूसाबे म्हणायचे, बरं. एवढं प्रेम माझ्यावर कुणी केलं असतं तर मी रात्रीतून पळून गेलो असतो. त्यांना पळता येत नव्हतं.

मला या सगळ्याची फार चीड यायची, आणि चीड येऊन येऊन नंतर नुसता कंटाळा यायला लागला. एका संध्याकाळी मी खतीबाकडे गेलोच. खतीब म्हणजे आपला सरपंच नि पोलीसपाटील एकाच सदऱ्यात. नमाजही तेच चालवायचे. आदम त्यांचं नाव. हडकुळा माणूस, झोप न झालेले डोळे, सारखं कुणाचं तरी ऐकून घेत असायचा. ते होडीला तेल लावत होते. मी म्हटलं, म्हातारा तुमच्या मोजणीपायी मरेल.

त्यांनी हात पुसले. चिडले नाहीत.

"मी त्यांना अडवलंय का? विचारा त्यांना."

"अडवलं नाहीत. पण उचलतही नाही तुम्ही कुणी."

त्यांनी विचारलं, तुमच्याकडे गावं रिकामी होतात का? मी म्हटलं, होतात की, माणसं घराला कुलूप लावून मुंबईला जातात आणि गणपतीला येऊन उघडतात.

"आम्हाला उघडायला परत येता येत नाही," ते म्हणाले. "एकदा उठलो की बेट नारळांसाठी भाड्यानं जातं. मग आपल्याच विहिरीवर पाणी प्यायचं तर भाडेकरूला विचारायचं. दक्षिणेकडच्या एका बेटाचे लोक मोठ्या बेटावर जाऊन किती वर्षं झाली. त्यांची नातवंडं तिथंच जन्मली. त्यांना अजून 'आलेले' म्हणतात. लग्नं जुळत नाहीत, होडीवर शेवटची जागा मिळते. सर, मी सगळ्यांना 'आलेले' करू का, एकासाठी?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं? त्यांनी पुन्हा तेलात हात घातला आणि मी घरी आलो. वाटेत त्यांची बायको आमिनादत्ता दारात काथ्या वळत बसली होती. तिनं ऐकलं असावं सगळं. मान वर केली नाही, हात मात्र थांबले होते.

पुढच्या आठवड्यात बोट लागली त्या दिवशी दुपारी मूसाबेंना जोराची धाप लागली. मी शाळेतून आलो तर ते भिंतीला टेकून बसले होते, ओठ निळे पडलेले, आणि हातात त्या दिवशीच आलेली कॅसेट. मी पाणी दिलं, पाठ चोळली. बऱ्याच वेळानं श्वास जाग्यावर आला. टेप लावू का, विचारलं. नको म्हणाले.

"सर, मला जायचंय," ते म्हणाले. "बोट सकाळी सुटेल. मला त्या बोटीवर टाक."

इतक्या महिन्यांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. मी म्हटलं, टाकतो. म्हटलं खरं, पण मूसाबे म्हणजे जुन्या तांडेलाचा देह, त्यात सूज. मी एकटा त्यांना उंबऱ्याबाहेरही नेऊ शकलो नसतो. मी घरोघर गेलो. खुर्ची उचलणारे चौघं गाठले. एकानं सांगितलं, उद्या पहाटे आमिष धरायला जायचंय. दुसऱ्याचा खांदा धरला होता. तिसरा म्हणाला, परवा शुक्रवार, आणि या शुक्रवारी मोठ्या बेटाच्या कचेरीतला माणूस मोजायला येतोय, सर, तेवढा एक शुक्रवार जाऊ द्या, मग मी एकटा पाठीवर नेतो त्यांना. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही बोलत. चौथा घरी असून घरी नव्हता. मी परत येऊन मूसाबेंना काहीच सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. त्यांना आपली माणसं ठाऊक होती.

तिथं एक रीत आहे. सकाळी उजाडता उजाडता बायका हिराचे खराटे घेऊन बाहेर पडतात आणि आपापल्या दारापासून सगळ्या गल्ल्या झाडतात. वाळूत रेघा उमटतात, एकसारख्या, आणि त्यावरून पहिलं पाऊल टाकायला जीव होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही मला खराट्यांचा आवाज ऐकू येत होता. होड्या केव्हाच आमिषाला गेल्या होत्या. मग तो आवाज आमच्या दाराशी येऊन थांबला.

आमिनादत्ता आत आली. मागे सहा-सात बायका, खराटे भिंतीला टेकवून आलेल्या. तिनं मूसाबेंकडे पाहिलं, म्हणाली, "उठलात का? चला."

मूसाबे म्हणाले, "पोरी, शुक्रवार आहे उद्या."

"ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि तिनं मला खुणावलं. मी एक बाजू धरली. खुर्ची अशी उचलली गेली, की पुरुषांनी कधी तशी उचलली नसेल. धक्का नाही, थांबणं नाही. या बायका पाण्याच्या घागरी, कुप्याच्या पाट्या, काथ्याचे भारे जन्मभर उचलत आलेल्या. मूसाबेंनी या वेळी डोळे मिटले नाहीत. झाडलेल्या वाळूकडे बघत होते.

धक्क्यावर खतीब उभे होते. बोटीचा माल चढवायला-उतरवायला ते दर वेळी असायचे, कुणी सांगितलं म्हणून आले नव्हते. आम्हाला बघून ते आडवे आले नाहीत, पण बाजूलाही झाले नाहीत. धक्का अरुंद. आम्ही थांबलो. बोटीवरचे लोक काम सोडून बघायला लागले. माझे हात भरून आले होते आणि मला वाटलं, संपलं, आता परत.

खतीब हळूच म्हणाले, "आमिना, उद्या मी त्या माणसाला काय सांगू?"

तिनं पदर सारखा केल्यासारखं डोक्यावरचं फडकं सारखं केलं.

"तुम्ही चाळीस मोजता," ती म्हणाली. "त्यात मी नाही. या नाहीत. हा सर नाही. तुमच्या चाळिसांतल्या कुणी मूसाबेंना नेलं असतं, तर जन्मभर त्याचं नाव घेतलं असतं लोकांनी, अमक्यानं गाव बुडवलं म्हणून. म्हणून कुणी नेत नव्हतं. मला काय ते कळत नाही? उद्या सांगा, बायकांनी नेला. बायकांचं काय, त्या कशातच नसतात."

खतीब तिच्याकडे बघत राहिले. नवराबायकोचं बघणं होतं ते, आम्हा बाकीच्यांना त्यात जागा नव्हती. मग ते मूसाबेंकडे वळले. मूसाबे म्हणाले, "आदम, तू सांगशील तर मी परत फिरतो." आणि ते खरंच फिरले असते. त्या म्हाताऱ्याच्या आवाजात एवढा थकवा होता, की त्याला आता कुणीतरी हो किंवा नाही म्हणावं, एवढंच हवं होतं.

खतीबांनी लुंगी वर खोचली, धक्क्यावरून पाण्यात उतरले, छातीइतक्या पाण्यात गेले आणि बोटीच्या कडेला हात पसरून उभे राहिले. आम्ही वरून मूसाबेंना खाली दिलं आणि बोटीवरच्या दोघांच्या मदतीनं त्यांनी त्यांना लहान पोरासारखं उचलून आत ठेवलं. मग पाण्यातच उभं राहून मूसाबेंच्या पायांवर स्वतःचा ओला खांद्यावरचा पंचा टाकला, कशाला कोण जाणे, ऊन तर अजून यायचं होतं. बोट सुटली. बायका परत जाऊन राहिलेल्या गल्ल्या झाडायला लागल्या. मी शाळेत गेलो आणि पोरांना वाचायला सांगून टेबलावर डोकं टेकून बसलो.

शुक्रवारी कचेरीतला माणूस आला. चांगला होता बिचारा. मी माझ्या नेहमीच्या झाडाखाली होतो, आणि मशिदीची दारं उघडी असतात, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. त्यानं मोजलं, एक कमी. त्यानं पुन्हा मोजलं नाही. म्हणाला, कुणी आजारी असेल घरी, कुणी समुद्रावर असेल, मी चाळीस धरतो. खतीबांनी फक्त एकदा होय म्हणायचं होतं.

"आजारी नाही," खतीब म्हणाले. "लेकीकडे गेलाय. परत यायचा नाही."

मग त्या दुपारी त्यांनी नेहमीचा नमाज केला. बाहेर पडताना माणसं चपला शोधत रेंगाळली, कुणाला घरी जायची घाई नव्हती. ज्याचा खांदा धरला होता तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि नुसता बसून राहिला. बायकांना कुणी एका शब्दानं बोललं नाही, ना तेव्हा, ना नंतर. बोलायला काही नव्हतंच. प्रत्येकाला मनातून जे व्हायला हवं होतं आणि नको होतं, ते दोन्ही एकदम झालं होतं.

पुढचं लांबण लावत नाही. अर्ज-विनंत्या झाल्या, पुतण्या वयात येईपर्यंत थांबा म्हणून सांगून पाहिलं, पण तोवर आणखी दोघं जहाजावर गेले होते. वर्ष सरायच्या आत सगळ्यांनी सामान बांधलं. मशिदीची कोरीव दारं उतरवून बोटीत घातली, भांडी, कोंबड्या, शाळेचे बाक गेले. आमिनादत्तानं जायच्या सकाळीही गल्ली झाडली. मी म्हटलं, आता कशाला? ती म्हणाली, मग काय, घाण टाकून जायचं? मला मोठ्या बेटावरच्या शाळेत घेणार होते, मी नाही म्हटलं. माझ्यातलं काहीतरी संपलं होतं. घरी जायचं ठरवलं.

मालेत विमानासाठी काही दिवस थांबावं लागलं. मी मूसाबेंचा पत्ता काढला. खरं सांगायचं तर पाऊल उचलत नव्हतं. म्हातारा असेल की नसेल, आणि असला तर बेटाचं काय सांगायचं त्याला? माले म्हणजे मूठभर जमिनीवर दाटीवाटीनं रचलेलं शहर. गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटायचं. सकीनाचं घर म्हणजे एका घराच्या पोटातली एक खोली. दार तिनंच उघडलं. आवाजावरून ओळखलं मी तिला. ती माझे हात धरून रडली, हसली, म्हणाली, सर, चालायला लागलेत बाप्पा. गोळ्यांनी पाणी उतरलं. डॉक्टर म्हणतात, अजून पुष्कळ वर्षं.

मूसाबे घरात नव्हते. खाट एकच, खिडकीजवळची, आणि जावई रात्रपाळी करून दिवसा तिच्यावर झोपायचा. म्हणून दिवसा मूसाबे गल्लीच्या तोंडाशी एका बाकावर बसायचे. मी गेलो तर बसले होते, भरलेला चेहरा, पायात बूट. मला बघून त्यांनी बाकावर हात आपटून जागा केली.

बेटाचं मला सांगावं लागलं नाही. बोटीवाल्यांनी सगळं सांगितलं होतं. मी म्हटलं, तुम्ही गेला नसतात तरी ते टिकलं नसतं, मूसाबे, आणखी दोघं गेलेच. ते म्हणाले, ठाऊक आहे, त्याचं काही नाही. लेक फार करते, ते म्हणाले. रोज पायांना तेल लावते. तिच्याजवळ आलो, मन भरलं. मग ते समोरून जाणाऱ्या सायकली बघत राहिले. मला वाटलं, बोलणं संपलं.

"इथली मशीद केवढी मोठी आहे," ते म्हणाले. "हजार माणूस असेल. जास्तच. चालता यायला लागल्यापासून दर शुक्रवारी मी गेलो. चालत गेलो, माझा मी. मागच्या रांगेत बसायचो."

"बरं वाटलं असेल."

"बरं वाटलं. कुणाचं ओझं नाही, काही नाही." ते म्हणाले. "मागच्या शुक्रवारी गेलो नाही. मुद्दामच नाही गेलो. बघू म्हटलं."

मी विचारलं, काय बघायचं होतं?

"नमाज झाला," मूसाबे म्हणाले. "माणसं बाहेर पडली. सगळी इथनंच गेली, या बाकासमोरून. एकानंही विचारलं नाही, की तू का नाही आलास. लेकीनं विचारलं, पण ती लेक आहे. सर, मी अंधार पडेपर्यंत इथं बसून होतो, कुणीतरी येईल म्हणून."

त्या बेटावर इतके महिने मी ज्यांच्यावर चिडलो होतो, ते सगळे एकेक करून डोळ्यांसमोर आले, खीर घेऊन येणारे, पाय चेपणारे, समुद्राच्या लाटांची गोष्ट काढणारे. मूसाबेंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पुढच्या शुक्रवारी येशील?"

माझं विमान बुधवारी होतं. मी त्यांना तसं सांगितलं.

"बरं," ते म्हणाले, "मग आत्ता थोडा वेळ बस."